फलकावरचा सर्वांत मोठा आकडा सर्वांत खाली लिहा

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे
सन्माननीय सभापती, संचालक आणि सचिव यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी लहान आहे, म्हणून आधी तीच सांगते. लिलाव आटोपले की तुम्ही रोज कांद्याचे तीन भाव जाहीर करता : कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. तिन्ही आकडे खरे असतात, त्यांच्या खरेपणाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं त्यांच्या जागेबद्दल आहे. सर्वसाधारण भाव सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहा. त्याखाली कोणत्या भावाच्या टप्प्यात किती गाड्या विकल्या गेल्या ते लिहा. जास्तीत जास्त भाव शेवटच्या ओळीत लिहा आणि तो किती गाड्यांना मिळाला ती संख्या त्याला जोडा. फलकावर तसंच, आणि मोबाईलवर फिरणाऱ्या रोजच्या संदेशातही तसंच.

एवढ्यासाठी खुलं पत्र कशाला, एक अर्ज पुरला असता, असं आपल्याला वाटेल. पण हे काम एकट्यादुकट्या समितीने करून भागणारं नाही. का भागणार नाही, ते पुढे येईलच.

मी नाशिक शहरात अकरावी-बारावीच्या मुलांना ३१ वर्षं मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. माहेर विंचूरच्या बाजूचं, घरची शेती थोरला भाऊ पाहतो. आम्ही त्याला नाना म्हणतो. पुढची हकीकत मी त्याला वाचून दाखवली आहे आणि त्याने 'लिही' म्हटलं आहे.

२०२३ सालचा दसरा झाला तो आठवडा. कांदा साठवायच्या आमच्या चाळीतला उन्हाळ कांदा बराचसा विकून झाला होता, शेवटचा कप्पा शिल्लक होता. अंदाजे साठ क्विंटल. नानाने त्यातली पहिली ट्रॉली भरून नेली. लिलावात बोली क्विंटलला ४,१०० रुपयांवर थांबली. नानाने मान हलवली आणि गाडी भरलेली परत घरी आणली. कारण आदल्या दिवशीच्या संदेशात जास्तीत जास्त भाव पाच हजारांच्या वर होता. मी त्या दिवशी घरी होते. ओसरीवर टेकता टेकता तो म्हणाला, "काल पाच हजारांच्या वर गेलाय, मंग मी आज एक हजार सोडून का देऊ?"

'एक हजार सोडून' हे शब्द मी त्या वेळी नुसते ऐकले. नंतर खूप दिवस ते डोक्यातून गेले नाहीत. तो हजार नानाच्या हातात कधी आलाच नव्हता. दुसऱ्या कुणाच्या तरी दुसऱ्या प्रतीच्या मालाला तो मिळाला होता. तरीही नानाला ती स्वतःची झालेली तूट वाटत होती.

शनिवारी, २८ ऑक्टोबरला, केंद्र सरकारने कांद्याला टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं, म्हणजे त्याहून कमी दराने कांदा परदेशी पाठवता येईना. पुढच्या आठवड्यात त्याच मालाला ३,४०० ची बोली आली. आता नानाच्या डोक्यात पाच हजारांशेजारी आणखी एक आकडा येऊन बसला होता, त्याने स्वतः नाकारलेला ४,१००. "चार हजार शंभर सोडले, आता चौतिसशे कसे घेऊ?" गाडी परत. मग दिवाळीत बाजार बंद. मग २६ नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस आणि गारपीट, निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांची त्या रात्री काय दशा झाली हे आपल्याला सांगायला नको. आमच्या चाळीच्या एका बाजूने ओल शिरली. कोंब आधीच फुटायला लागले होते, आता सड सुरू झाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, निवडून-निवडून, साठाचे बेचाळीस क्विंटल भरले आणि १,९०० ने गेले. विक्रीच्या पट्टीवर आकडा आला ७९ हजार ८००. पहिल्या बोलीला सगळा कप्पा गेला असता तर दोन लाख सेहेचाळीस हजार आले असते. परत आणलेल्या गाड्यांचं डिझेल वेगळं.

चार दिवसांनी, ८ डिसेंबरला, निर्यातबंदीच आली.

नाना अडाणी नाही, लोभी नाही आणि धांदरटही नाही. त्याच्या मनाने जे केलं ते तुमचं-माझं मन रोज करतं. मानसशास्त्रात याला 'अँकरिंग' म्हणतात. वर्गात मी त्याला खुंटा म्हणायची. गाय खुंट्याला बांधली की ती चरते, फिरते, मोकळी असल्यासारखी दिसते, पण दाव्याच्या पलीकडे जात नाही. कानावर पडलेला पहिला मोठा आकडा हा असाच खुंटा होतो. पुढे आपण कितीही विचार केला तरी तो विचार त्या आकड्याभोवतीच घिरट्या घालतो.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली 'सायन्स' या नियतकालिकात यावरचा एक प्रयोग मांडला. जत्रेत असतं तसं आकड्यांचं एक चक्र. ते फिरवलं की फक्त १० वर किंवा ६५ वर थांबेल अशी आतून सोय केलेली. लोकांसमोर चक्र फिरवायचं आणि विचारायचं : संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतल्या देशांचं शेकडा प्रमाण या आकड्यापेक्षा जास्त आहे की कमी? आणि तुमच्या अंदाजाने नेमकं किती? चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, हे समोरच्याला दिसत होतं. तरीही ज्यांच्यासमोर १० आला त्यांचा मधला अंदाज २५ होता आणि ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. ट्व्हर्स्की तोवर हयात नव्हते.

जत्रेतल्या चक्रावरचा बिनकामाचा आकडा एवढं करू शकतो, तर बाजार समितीच्या फलकावरचा, खरा, अधिकृत, ताजा आकडा काय करत असेल? तो खुंटा किती खोल जात असेल?

आता या 'जास्तीत जास्त' भावात काय असतं ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. एकसारख्या आकाराचा, रंगाला चढलेला, पत्ती न सुटलेला, निवडून आणलेला माल. कधी एखाद्या व्यापाऱ्याला त्याच दिवशी पूर्ण करायची असलेली मागणी. कधी सुट्टीनंतरची मुहूर्ताची गाडी, जिला मानाची बोली लागते. यात गैर काही नाही. पण हा आकडा यार्डातल्या एक-दोन किंवा पाच-दहा गाड्यांची हकीकत सांगतो. त्या दिवशी आलेल्या बाकीच्या शेकडो गाड्यांबद्दल तो अवाक्षर सांगत नाही. तरी गावोगाव पोचतो तोच. संदेश पुढे पाठवणारा माणूस तोच उचलतो, बातमीच्या मथळ्यात तोच येतो, पारावर तोच बोलला जातो. 'आज कांदा किती?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून कुणी सर्वसाधारण भाव सांगितलेला मी तरी ऐकलेला नाही.

संचालकांपैकी काही जण म्हणतील, शेतकऱ्याला हे कळतं, तो पिढ्यान् पिढ्या बाजार पाहतोय. हे म्हणणं मला आदराचं वाटतं, पण ते खरं नाही. आणि शेतकरी आहे म्हणून खरं नाही असं नव्हे, माणूस आहे म्हणून खरं नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी घरांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या मुरलेल्या दलालांना एक खरंखुरं घर दाखवलं, घराची सगळी माहिती दिली आणि त्याची योग्य किंमत ठरवायला सांगितली. फरक एवढाच, की काहींच्या कागदावर मालकाची मागणी चढी लिहिली होती, काहींच्या कागदावर उतरती. दलालांचे अंदाज मालकाच्या आकड्याकडे ओढले गेले, अगदी नवख्या विद्यार्थ्यांचे गेले तसेच. आणि मालकाच्या आकड्याचा आपल्यावर परिणाम झाला हे बहुतेक दलालांनी कबूलच केलं नाही. हा अभ्यास १९८७ चा. अनुभवाने माणसाला मालाची पारख येते. खुंटा काही त्याने उपटला जात नाही.

यापेक्षा जास्त बोलकी गोष्ट माझ्या वहिनीची आहे.

चाळीतला कांदा निवडायला वहिनी आणि गल्लीतल्या चार बायका बसतात. हातात घेतल्याबरोबर कांदा आतून मऊ पडला आहे का, हे त्यांना कळतं. ऑक्टोबरातच वहिनी म्हणाली होती, "ह्या कप्प्याला वास यायला लागलाय, तीन-साडेतीन आले तरी देऊन टाका." तिचा अंदाज नानापेक्षा बरोबर निघाला. बाजारातलं तिला जास्त कळतं असं नाही, ती कित्येक महिन्यांत यार्डात गेलेली नव्हती. तिच्या मोबाईलवर भावाचे संदेश येत नाहीत. तिने मालाकडे पाहून भाव सांगितला, नानाने भावाकडे पाहून माल तोलला. आमच्याकडे कांदा बायकांच्या हाताखालून जातो आणि विकायचा कधी हे पुरुष ठरवतात, याबद्दल मला स्वतंत्रपणे पुष्कळ बोलायचं आहे. ते पुन्हा कधी.

नानाचं पुढचं वागणंही सांगते, कारण त्यावरून कळेल की नुसतं 'अनुभवातून शिकतील' म्हणून सोडून का देता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नात तो पाहुण्यांना सांगत होता, "बंदी येणार हे मला कळलंच होतं. म्हणून तर चार दिवस आधी मोकळा झालो." मी शेजारीच बसले होते. नाना खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखर तसं आठवत होतं. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ साली हेच दाखवलं. इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या १८१४ च्या लढाईची हकीकत त्यांनी लोकांना वाचायला दिली. काहींना शेवट सांगितला, काहींना नाही. ज्यांना शेवट माहीत होता त्यांना तो होणारच होता असं वाटलं, आणि शेवट सांगितला नसता तरी आपण तो ओळखला असता अशी त्यांची खात्री होती. घडून गेलेल्या गोष्टीचा शेवट मन असं मागे नेऊन सुरुवातीला चिकटवतं. मग चूक दिसतच नाही, आणि न दिसलेल्या चुकीतून कोण काय शिकणार? नानाने ऑक्टोबरात ४,१०० नाकारले होते, ही गोष्ट त्या लग्नमांडवात फक्त मला आणि वहिनीला आठवत होती.

गावातही असंच होतं. ज्याच्या चाळीला भाव लागला त्याच्या नव्या गाडीच्या काचेवर 'कांद्याची कृपा' लिहिलेलं असतं. ज्याने चाळ उकिरड्यावर ओतली तो कुठे काही लिहीत नाही. त्यामुळे रस्त्याने जाताना डोळ्यांना फक्त थांबून फायदा झालेले लोक दिसतात, आणि पुढच्या वर्षी 'थांबायचंच' असं ठरतं. उळे, म्हणजे कांद्याचं बी, टाकतानाही तेच. यंदा भाव चढला की पुढच्या हंगामात सगळी शिवारं कांद्याची.

आता तुमच्या बाजूने असलेली खरी अडचण, जिच्याबद्दल उघड बोललं जात नाही. लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, चांदवड, येवला, उमराणे, मनमाड ही ठिकाणं एकमेकांपासून ट्रॅक्टरने जाण्याच्या अंतरावर आहेत. शेतकरी सकाळी संदेश पाहून गाडी कुठे वळवायची ते ठरवतो. ज्या समितीचा 'जास्तीत जास्त' मोठा, तिच्याकडे गाड्या जास्त, तिचं बाजार शुल्क जास्त. अशा वेळी एखाद्या समितीने प्रामाणिकपणे सर्वसाधारण भाव वर लिहिला आणि शेजारच्या समितीने सर्वांत मोठा आकडाच पुढे ठेवला, तर प्रामाणिक समितीचं यार्ड रिकामं पडेल. हे मला दिसतं, म्हणूनच मी कुणा एका सभापतींना भेटायला गेले नाही. सगळ्यांनी एकाच दिवसापासून केलं तरच हे होईल. जिल्ह्यातल्या सगळ्या समित्यांची एक बैठक आणि एक नमुना, एवढंच लागेल. गाड्यांचे भाव तुमच्या संगणकात रोज नोंदले जातातच. नवीन काही मोजायचं नाही, आहे तेच वेगळ्या क्रमाने छापायचं आहे.

नमुना कसा असावा तेही सांगते. हे आकडे कल्पनेतले आहेत, कुठल्याही दिवसाचे नाहीत. समजा, हजार गाड्या आल्या. फलकाची पहिली ओळ : सर्वसाधारण भाव १,३५०. मग, ९०० ते १,२०० मध्ये २४० गाड्या. १,२०० ते १,५०० मध्ये ६१० गाड्या. १,५०० ते १,८०० मध्ये १४१. त्यावर ९ गाड्या, आणि त्या नऊंतल्या एका गाडीला जास्तीत जास्त २,१५१. फलकासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला काय दिसेल? 'कांदा एकवीसशे गेला' हे नाही दिसणार. हजारातल्या नऊ गाड्या अठराशेच्या पुढे गेल्या, माझा माल त्या नवात बसतो का, हा प्रश्न त्याला आपोआप पडेल. हा प्रश्न पडला की तो मालाकडे पाहील. वहिनीला विचारील.

माहिती तीच असून मांडणीने निर्णय बदलतो, हे सांगोवांगीचं नाही. १९८२ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या दोन उपचारांची माहिती लोकांसमोर ठेवून त्यांची निवड विचारली गेली. एका गटाला शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं की शंभरातले नव्वद रुग्ण पहिला महिना जगतात, दुसऱ्या गटाला सांगितलं की शंभरातले दहा पहिल्या महिन्यात दगावतात. वाक्यांचा अर्थ एकच. पण 'जगतात' ऐकणाऱ्यांनी शस्त्रक्रिया जास्त निवडली. आणि हा फरक डॉक्टरांमध्येही दिसला, ज्यांचं आयुष्य अशा आकड्यांत जातं त्यांच्यामध्ये.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो, आणि तो माझ्याच गावातल्या एका तरुणाने घेतला. त्याचं म्हणणं : ताई, मोठा आकडा डोक्यात असतो म्हणून तर शेतकरी थोडा ताणून धरतो. तो आकडा खाली ढकलला की व्यापाऱ्याचं फावेल. यावर मी दोन रात्री विचार केला. माझं उत्तर असं आहे. समोरासमोर घासाघीस असती तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण उघड लिलावात शेतकरी घासाघीस करत नाही. भाव चढतो तो खरेदीदारांच्या चढाओढीने. शेतकऱ्याच्या हातात शेवटी एकच गोष्ट असते, हो किंवा नाही. ते हो-नाही त्याला नीट म्हणता यावं एवढ्याचसाठी माहिती हवी. आणि टप्प्यांची संख्या त्याला उलट बळ देईल. माल चांगला असून बोली खालच्या टप्प्यात अडकली, तर 'आज साडेसातशे गाड्या याच्या वर गेल्यात' हे त्याला छातीठोकपणे म्हणता येईल. आज त्याच्याकडे म्हणायला काय आहे? 'काल पाच हजार गेला.' त्यावर व्यापारी म्हणतो, 'तो माल बघितला होता का?' आणि बोलणं तिथेच संपतं.

आणखी एक अभ्यास आहे, तो परदेशातला नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या संशोधकांनी दोनदा घेतल्या, तोडणीच्या आधी हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर. तो २०१३ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकरी तोच, पण पैशाच्या ओढगस्तीत त्याचे गुण खाली गेले आणि पैसा आल्यावर वर आले. बुद्धी तीच होती, पण तिचा एक मोठा भाग काळजीने अडवून ठेवला होता. मला हे वाचताना एप्रिल-मे महिन्यातलं आमचं घर आठवलं. उन्हाळ कांदा काढून शेतात पडलेला, मजुरांचे पैसे द्यायचे, सोसायटीचं कर्ज मानेवर, जूनमधली फी, खरिपाचं बियाणं. त्या अवस्थेत आई-वडील रात्री बोलायचे ते हिशेब मला अजून आठवतात. ते बोलणं पुन्हा पुन्हा त्याच जागी यायचं. अशा माणसाच्या पुढ्यात तीन आकडे टाकून 'यातला तुझ्या कामाचा कोणता ते तू ओळख' म्हणणं योग्य नाही. ज्याच्या डोक्यावर ओझं आहे त्याचं निवडण्याचं काम फलकाने करावं.

फलक बदलल्याने कांद्याचा प्रश्न सुटेल असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात किमान निर्यात मूल्य, डिसेंबरात बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. या धरसोडीपुढे कोणत्याही शेतकऱ्याची कोणतीही शहाणी योजना टिकणं कठीण आहे. आणि दिल्लीत हे निर्णय घेणारीही माणसंच आहेत, त्यांच्याही डोक्यात खुंटे आहेत. शहरात कांदा किलोला शंभर झाला की ते चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं, सगळीकडे दिसतं, म्हणून धोका मोठा वाटतो. २०२३ च्या फेब्रुवारीत कांदा किलोला दोन-चार रुपयांवर आला होता आणि राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान द्यावं लागलं होतं. ते चित्र तेवढ्या सहज आठवत नाही. जे सहज आठवतं त्याला मन वारंवार घडणारं समजतं. दिल्लीच्या मनावर माझा काही इलाज नाही. तुमचा फलक मात्र तुमच्या हातात आहे.

माझं म्हणणं चुकीचं असू शकतं, म्हणून आधी तपासून पाहा. येत्या उन्हाळ कांद्याच्या हंगामात एका मुख्य बाजारात आणि एका उपबाजारात महिनाभर नव्या पद्धतीचा फलक लावा, दोन ठिकाणी जुनाच राहू द्या. प्रत्येक ठिकाणी बोली नाकारून परत गेलेल्या गाड्या मोजा. त्यातल्या आठवड्याभरात परत आलेल्या किती, आणि त्यांना दुसऱ्या वेळी आधीपेक्षा जास्त मिळाले की कमी, हे लिहून ठेवा. आठवणीवर सोडू नका, लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभराने सगळे म्हणतील 'हे मला माहीतच होतं'. नव्या फलकाने काही फरक पडला नाही तर माझी मागणी मी मागे घेईन आणि तसं जाहीर लिहीन.

या नोंदींना माणसं लागतील. माझ्याबरोबर शिकवणारे आम्ही पाच-सहा जण आता निवृत्त आहोत. त्यात दोघं गणिताचे आहेत. रोज सकाळी यार्डात येऊन बसायची आमची तयारी आहे, मानधन नको. एक टेबल आणि लिलाव संपल्यावर तुमच्या नोंदींची एक प्रत मिळाली की आम्ही तासाभरात टप्पे मांडून देऊ.

नानाने या वर्षी एक केलं आहे. चाळ भरली त्या दिवशी त्याने दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलं : कोणता कप्पा कोणत्या महिन्यात फोडायचा, आणि किती आले तर मागेपुढे न पाहता द्यायचं. शेवटच्या कप्प्यापुढचा आकडा त्याने वहिनीला विचारून लिहिला. तिथे भाव लिहिलेला नाही. 'वास आला की' एवढंच लिहिलं आहे.

बैठकीची तारीख कळवावी. मी येईन.

आपली नम्र,
निफाड तालुक्यातल्या एका कांदा उत्पादक घरातली,
नाशिकची निवृत्त शिक्षिका